हजेरीतला गोल

तिसऱ्या टोल्यावरून, त्या छोट्या वस्तीवरून, दोघी निघाल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि शीलाबाईंचा उजवा गुडघा बोलायला लागला होता. सकाळी सरिता बालाघाटहून बसने लामत्याला उतरली, तेव्हा शीलाबाई थांब्यावर उभ्याच होत्या. तिथून दोघींनी बांधाबांधाने वाट धरली, त्याला आता चार तास होऊन गेले होते. पुढे शीलाबाई, मागे सरिता. शीलाबाईंच्या हातात छत्री होती. ती उघडत नव्हती, काठी म्हणूनच सोबत होती. सरिताच्या खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात फाईल, अंगठ्यासाठी शाईचा पॅड, दोन पेनं आणि फडक्यात गुंडाळलेली दोन केळी. पौषातला रविवार, सरिताचा सूर्यनारायणाचा उपास होता. दिवस बुडायच्या आधी एकदा अळणी जेवायचं, तोवर एवढंच.

"किती झाले वं?" शीलाबाईंनी मागे न वळता विचारलं.

"अकरा. आठ राह्यले."

"हौ."

बांध्यांमधला धान कधीच घरी गेला होता आणि उरलेल्या ओलीवर लाखोळी निळी फुलली होती. तणसाचे ढीग अंगणाअंगणात रचलेले, पण अंगणांत माणसं थोडी. धान निघाला की या भागातली घरं अशीच अर्धी होतात. हातीपायी धड असलेली माणसं नागपूरकडे इमारतींच्या कामावर जातात, लहान पोरांना सोबत नेतात. मागे म्हातारे, कोंबड्या आणि कुलपं राहतात. होळीला सगळे परत येतात.

अशीच एकोणीस पोरं शीलाबाईंच्या शाळेतून या वर्षीही गेली होती. त्यांच्या घरी जाऊन आजी-आजोबांकडून एकेक कागद लिहून घ्यायचा होता की हे पोर खरंच आहे, आमचं आहे, कामाला गेलेल्या आईबापासोबत गेलं आहे आणि होळीला परत येणार आहे. खाली अंगठा किंवा सही. सरकारी नोटिशीला उत्तर द्यायची सात दिवसांची मुदत होती. त्यातले पाच गेले होते.

सरिता तहसील कचेरीसमोरच्या टायपिंगच्या दुकानात बसते. लोकांचे अर्ज, तक्रारी, जबाब लिहून देते. तिचं हिंदी आता कचेरीच्या बाबूलाही दुरुस्त करता येत नाही, पण ती लग्न होऊन या हिंदी मुलखात आली तेव्हा तिला 'प्रति, श्रीमान' एवढंही लिहिता येत नव्हतं. आमगावला मराठी शाळेत दहावी झालेली मुलगी, इथे येऊन मुकी झाली होती. शीलाबाईंनी तिला शाळेत मराठीच्या तासाला बोलावलं. सहा वर्षं ती तिथे होती. मुलांना ती मराठी शिकवायची आणि शाळा सुटल्यावर शीलाबाई तिला हिंदी शिकवायच्या. पुढे नवऱ्याची, चंद्रशेखरची नोकरी बालाघाटला गेली म्हणून शाळा सुटली. पण शीलाबाईंचा निरोप आला की सरिता दुकान बंद करून निघते, हे चंद्रशेखरलाही माहीत आहे. काल रात्री तो एवढंच म्हणाला होता, "चपला घट्ट घालून जाय."

ही शाळा सरकारी नाही आणि खाजगीही नाही. साठेक वर्षांपूर्वी भंडाऱ्याकडून आलेल्या शालिकराम गुरुजींनी ती मोहाच्या झाडाखाली सुरू केली. चार गावच्या बौद्ध घरांनी माती वाहिली, कुणब्यांनी जागा दिली, समिती केली. पुढे सरकारने अनुदान दिलं. मास्तरांचे पगार सरकारचे, शाळा समितीची. सात मास्तर होते. मग वरून ठरलं की जो निवृत्त होईल त्याची जागा भरायची नाही. एकेक करत सहा गेले. आता सरकारच्या पगारावर एकट्या शीलाबाई उरल्या, आणि त्यांचेही चारच महिने राहिलेले. या वर्षीची तपासणी नीट पार पडली तर शाळेची मान्यता आणखी तीन वर्षं चालणार होती आणि शीलाबाईंच्या जागी माणूस देण्याचा विचार होणार होता. नाही तर मार्चअखेर कुलूप.

"बसू का थोडं?" सरिताने विचारलं.

"बसलं तं उठनं होत नाही मग." शीलाबाई म्हणाल्या, पण पळसाच्या बुंध्याला टेकून उभ्या राहिल्या. "तपासणीचा साहेब बी मले हेच म्हणे. मैडम, बैठ जाइए. म्या म्हटलं, बसतो कशी? माह्या पायाखालची जमीनच गेली."

तो दिवस त्यांनी सरिताला फोनवर सांगितला होता. आज चालता चालता पुन्हा सांगितला, तुकड्यातुकड्याने, जसा गुडघा सांगू देईल तसा.

तपासणीला आलेला साहेब तरुण होता. वाईट नव्हता. दीडशे शाळा त्याच्याकडे, गाडी स्वतःच चालवत आला होता, डोळे लाल. आदल्याच आठवड्यात त्याने एक शाळा धरली होती. रजिस्टरात चाळीस पोरं आणि वर्गात अकरा. बाकीची नुसती नावं, त्यांच्या नावाने सगळं उचललं जायचं. त्यामुळे त्याने आल्या आल्या पोरं मोजली. एकतीस. मग रजिस्टर उघडलं. नावं पन्नास, आणि डिसेंबरचा सगळा महिना पन्नासही नावांपुढे हजर.

शीलाबाईंनी रजिस्टर स्वतःकडे ओढून घेतलं. एकोणीस नावांपुढे त्यांनी रोज, स्वतःच्या हाताने, बारीक गोल काढले होते. त्या प्रत्येक गोलाला कोणीतरी डाव्या बाजूने खाली एक दांडी लावली होती. इतर पोरांच्या हजेरीसाठी इंग्रजी पी लिहायची रीत होती. दांडी लागल्याबरोबर सगळे गोल त्या पीसारखेच दिसायला लागले. चारशेच्या वर दांड्या.

साहेबाने चष्मा काढला. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मैडम, आपका तो मैंने बहुत नाम सुना था. आप भी?"

"दोन शब्द, सरिता," शीलाबाई म्हणाल्या. "अडतीस वर्षं नोकरी केली, कोनं शिवी देली असती तं एवढं लागलं नसतं."

हा गोल शालिकराम गुरुजींचा. ते म्हणायचे, गैरहजर म्हणजे ज्याने शाळा टाळली तो. हे पोर तर आईबापाच्या मागे गेलं आहे, त्याने कुठे शाळा टाळली? हजर तर ते नाहीच. म्हणून गोल. त्याचा अर्थ एवढाच की जागा राखून ठेवली आहे. होळीनंतर पोर परत आलं की गुरुजी त्याला सगळ्यांसमोर पुढे बोलवायचे, हातात पेन द्यायचे, आणि त्याच्या नावापुढच्या शेवटच्या गोलात ते पोर स्वतःच्या हाताने ठिपका ठेवायचं. मग सगळा वर्ग टाळ्या वाजवायचा. साठ वर्षं ही रीत चालली. साठ वर्षं तपासणीला आलेल्या साहेबांनी याच गोलांखाली सह्या केल्या. एका साहेबाने तर शेरा लिहिला होता की ही पद्धत इतरत्रही करून पाहण्यासारखी आहे. आता हजेरी मोबाईलवर गेली. त्यात दोनच बटनं, हजर आणि गैरहजर. तीस दिवस गैरहजर दिसलं की नाव काढू का असं मोबाईल स्वतःच विचारतो. शीलाबाई दर महिन्याला 'नाही' दाबत होत्या आणि कागदाच्या रजिस्टरात गोल काढत होत्या.

"सरकारनं विचारू नाही, असं मी म्हणतच नाही," त्या म्हणाल्या. "पैसा लोकायचा आहे, विचाराच लागते. त्या चाळीस नावाच्या शाळेले कोनीच विचारलं नसतं तं? पन विचारल्यावर उत्तर आयकायले तं थांबा. तो बिचारा थांबला बी असता, त्याले पुढं दोन शाळा होत्या."

"तुमच्या नावापुढं बी गोल होते ना, बाई?"

"एका साली एकशे बारा." शीलाबाई पहिल्यांदा हसल्या. "माहा बाप तिकडं खाणीवर होता, मॅंगनीजच्या. तिथून आलो तं माह्या वयाच्या पोरी वर्गात मोठ्यामोठ्यानं पाढे म्हनून राह्यल्या. मले वाटलं आपलं नाव कटलं. दाराबाहेरच उभी. गुरुजी म्हणे, ये ना वं, तुही जागा कोनी घेतली नाही." त्यांनी हवेत बोट टेकवलं. "ठिपका इतका जोरात ठेवला मी, कागद फाटला."

त्यांनी छत्री टेकली आणि पुन्हा चालायला लागल्या.

चौथ्या टोल्यावर पुनाराम बाबा अंगणात बसून दोरी वळत होते. त्यांची तीन नातवंडं एकोणीसात होती. सरिताने कागद वाचून दाखवला, पॅड पुढे केला. पुनाराम बाबांनी अंगठा धोतराला पुसला आणि तसाच हवेत धरून ठेवला.

"बहनजी, हे लावलं तं राशन तं बंद नाई होनार?" त्यांनी शीलाबाईंना विचारलं.

"नाही हो बाबा," सरिताच म्हणाली. "राशनचा याच्याशी काही संबंध नाही."

"मागच्या बारीले बी असंच म्हनले होते. मशिनवर अंगठा लावा म्हने. लावला. मशीन म्हने, हा पुनाराम नाई. सत्तर वर्षाचा पुनाराम मी, अन् ते कालची मशीन मले सांगते!" ते बोळकं उघडून हसले. "मंग मी कोन आहो, ते तं सांग म्हटलं. ते बी सांगे ना."

"ही कागदाची शाई आहे बाबा, ती ओळखते," सरिता म्हणाली.

"अन् नाई ओळखलं तं?"

"तं मी ओळखतो ना तुमाले," शीलाबाई म्हणाल्या.

"तुमच्यावरच तं बाई हे बालंट आलं अन् तुमी माही ओळख देता!" असं म्हणत त्यांनी तिन्ही कागदांवर अंगठा इतका दाबला की शाई नखापर्यंत गेली. मग आत वळून हाक मारली, "अगे, बहनजीले चाय टाक!" आणि मग सरिताकडे बघून, "तू काहून पानी बी पीत नाईस वं, सुकली दिसतेस."

"उपास आहे."

"आमच्या बहनजीसाठी?"

"सूर्यासाठी," सरिता म्हणाली. पण तिला ते म्हणताना पूर्ण खरं वाटलं नाही. सकाळी अर्घ्य देताना तिने मागितलं होतं ते शाळेसाठीच.

त्या टोल्यावरच्या आणखी चार पोरांचे कागद करून बाहेर पडल्यावर फोन वाजला. समितीचे सचिव खेमराज. शीलाबाईंनी फोन कानापासून जरा दूर धरला, खेमराज नेहमीच पलीकडच्या शेतात कोणी असल्यासारखे बोलतात. सरिताला सगळं ऐकू येत होतं.

"बहनजी, मी सोपं सांगतो. नोटीस म्हणते, दोषी कोण त्याचं नाव लिहा. ते पोट्टी आहे ना, रीना, आपली अतिथी शिक्षिका. तिचं नाव लिहा. ते तसंही लग्न करून जाऊन राह्यली मे महिन्यात. तिचं काय जाते?"

"तिनं केलं नाही, खेमराजभाऊ."

"मंग कोनं केलं?"

शीलाबाईंनी छत्रीचं टोक मातीत रोवलं.

"पाहा बहनजी, नाव नाही लिहिलं तं जबाब वापस येईन. अन् मान्यता गेली तं मी काही रडत बसनार नाही. बालाघाटचा तो इंग्लिश शाळावाला मागंच लागला आहे. सरकार नको, तपासणी नको, नोटीस नको. आपली शाळा, आपले नियम."

"अन् आपली फी," शीलाबाई म्हणाल्या. "पुनाराम बाबाचे तीन नातू त्या शाळेत कोन भरती करन? तुमी?"

"तुमचं तं हेच असते!" खेमराजांनी फोन ठेवला.

शीलाबाई चालत राहिल्या. "याले सरकार नको, अन् सरकारले आमी नको," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मधात एकोणीस पोट्टे."

सरिताच्या मनात मघापासून जे घोळत होतं ते तिने आता विचारलं. "बाई, खरंच कोनं केलं असन? रीनावर तं माहाही संशय होता. साहेब येणार म्हणून घाबरली असन, असं वाटलं."

"रीना दोन दिवस सुट्टीवर होती. तिच्या बहिणीच्या पोराचं बारसं होतं."

"मंग?"

"चाल. शेवटचा टोला दूर आहे."

शेवटच्या टोल्याची वाट नाल्यातून जात होती. नाल्यात पाणी घोट्याएवढंच, पण शीलाबाईंना दगडावरून उतरता येईना. सरिताने पिशवी डोक्यावर घेतली आणि त्यांचा हात धरला. हात हलका लागला. याच हाताने वर्गात फळ्यावर इतकी मोठी अक्षरं काढली जायची की शेवटच्या बाकावरून चष्म्याशिवाय वाचता यायची. शीलाबाईंचा मुलगा कुशल नागपूरला आहे. दोन वर्षांपासून बोलावतो. प्रेमलालभाऊ, शीलाबाईंचे यजमान, गेले तेव्हापासून घरी त्या एकट्याच. रोज पहाटे उठून बुद्धवंदना म्हणतात, पंचशील म्हणतात, दिव्यात तेल घालतात आणि शाळेला येतात. सरिता शाळेत होती तेव्हा एकदा त्या म्हणाल्या होत्या, "पाचातलं चौथं शीलच लय जड आहे. खोटं बोलनार नाही. बाकीचे चार घरी बसून बी सांभाळता येतात."

शेवटच्या टोल्यावर जिजाबाईंचं घर. जिजाबाई शाळेत झाडलोट करतात, पाणी भरतात, घंटा देतात. विसाव्या वर्षी विधवा झाल्या, तेव्हापासून याच शाळेच्या अंगणात. पंचेचाळीसाव्या वर्षी शीलाबाईंनी त्यांना रोज दुपारी अर्धा तास पाटीवर बसवून लिहायला शिकवलं. अजून वाचायला फारसं येत नाही, पण सही करतात, आणि सही करायची वेळ आली की तिथल्या सगळ्यांना थांबायला लावतात.

दोघींना पाहून त्या धावतच आल्या. "अवो माय! बहनजी, तुमी एवढ्या दूर पायी? मले निरोप द्याचा ना, मी आली असती! बसा बसा." खाट टाकली, पाणी आणलं. सरिताचा उपास म्हटल्यावर दूध तापवायला निघाल्या, त्यांना धरून बसवावं लागलं.

त्यांची नात अपेक्षा, दुसरीत शिकणारी, एकोणीसातली एकोणिसावी. सरिताने कागद वाचून दाखवला. पॅड पुढे केला तर जिजाबाईंनी तो हाताने बाजूला सारला.

"अंगठा काहून? मले सही येते ना."

त्यांनी पेन डाव्या हातात घेतलं, जीभ ओठांत धरली आणि अक्षर अक्षर खोल दाबत नाव लिहिलं. प्रत्येक काना डावीकडे कलता, शेवटी जरासा खाली ओढलेला. सरिता बघत राहिली. फाईलमध्ये रजिस्टरच्या पानांच्या फोटोप्रती होत्या, काल रात्री तिने त्या नीट पाहिल्या होत्या. चारशे दांड्या, सगळ्या डावीकडे कलत्या, शेवटी जराशा खाली ओढलेल्या.

तिने मान वर करून शीलाबाईंकडे पाहिलं. शीलाबाई अंगणातल्या तुळशीकडे बघत होत्या.

"साहेब काय म्हनले वो बहनजी?" जिजाबाईंनी विचारलं. "तुमी कोनाले काही सांगतच नाई. रजिस्टर पाह्यलं का त्याईनं?"

"पाह्यलं."

"खुश झाले असतीन." जिजाबाईंनी आवाज खाली आणला, जणू कोणी ऐकेल. "तुमाले सांगू का, मीच पुरं केलतं ते. तुमी आदल्या दिवशी घरी जाताना म्हनल्या ना, जिजाबाई, उद्या साहेब येते, काही अधुरं राह्यलं असन तं पुरं करून ठेवा. मी फळा पुसला, माठ घासले, मंग टेबल पुसता पुसता पाह्यलं, तं एवढे गोल अधुरेच! बाकी सगळ्याईले दांडी, याईलेच नाई. म्हटलं बहनजी थकल्या, राहून गेलं. पह्यले आमच्या अपेक्षाच्या ओळीले देली. मंग म्हटलं आपल्याच नातीले देनं बरं नाई, सगळ्याईले द्याव. दिवस बुडेस्तोवर बसली होती. हात दुखला."

सरिताने फाईल मिटून मांडीवर घेतली.

"अन् बहनजी, ठिपका नाई ठेवला बरं मी," जिजाबाई घाईने म्हणाल्या. "ठिपका तं पोट्ट्याईचा असते. तो ते येतीन तवा ठेवतीन. मी फक्त दांडी देली."

शीलाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "चांगली देली," त्या म्हणाल्या. "सरळ देली."

मग चहा झाला. जिजाबाईंनी नातीचा फोनमधला फोटो दाखवला. नागपूरला कुठल्याशा इमारतीच्या सहाव्या मजल्यावर, विटांच्या ढिगापुढे, अपेक्षा शाळेचा निळा फ्रॉक घालून उभी. आईने सांगितलं होतं, कामावर खराब होईल, घालू नको. तिने ऐकलं नाही. निघताना जिजाबाईंनी लाखोळीची कोवळी भाजी पिशवीत कोंबली आणि वाट वळेपर्यंत दारात उभ्या राहिल्या.

परतीची वाट सडकेला लागत होती, तिथून साडेचारची बस. नाला ओलांडून झाला, मोठी सडक दिसायला लागली. तिथे सरिता म्हणाली, "तुमाले माहीत होतं."

"त्याच घडीले. दांड्या पाह्यल्या अन् समजलं. तिले लिवायले मीच शिकवलं ना."

"म्हणून त्या साहेबाले काही बोलल्या नाहीत?"

"काय बोलू? हिचं नाव घेतलं असतं तं तिले तिथंच बोलावलं असतं. साहेब पुसते, ये किसने किया, अन् ते खुशीनं सांगते, मैंने किया. काहून केलं, हे आयकायले कोन थांबते? सरकारी कागदात ते फेरफार होते. तिचं काम जाते. अन् काम गेलं तं जाऊ दे, तिले समजलं ना का आपल्या हातानं शाळा गेली, तं ते बाई जगनार नाई, सरिता."

"मंग तुमीच केलं असं लिहू म्हणता? चार महिने राह्यले तुमचे."

"ते बी नाही लिहिता येत मले. मी केलं नाही ना."

सडकेच्या कडेला एक मैलाचा दगड होता. शीलाबाई त्यावर बसल्या. सकाळपासून वाटेत पहिल्यांदाच बसल्या. चप्पल काढून त्यांनी तळवा चोळला. टाचेला फोड आलेला, फुटून धूळ भरलेला. सरिताने बाटलीतलं उरलेलं पाणी त्यावर ओतलं. समोरून धानाची पोती भरलेला एक ट्रक गेला, मग पुन्हा शांत झालं.

सरिताने आजवर हजारेक जबाब लिहिले असतील. तिला माहीत होतं की कचेरीत काय चालतं. तिथे एक नाव लागतं. नाव मिळालं की फाईल बंद होते. नाव नसलेला जबाब वरच्यावर परत येतो, आणि त्यात नवीन तारीख असते. रीनाचं नाव असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. तिला क्षणभर तेही वाटून गेलं, आणि वाटलं याची लाजही वाटली. वर सूर्य अजून बराच होता, पण कलायला लागला होता.

"बाई, सांगा मग. काय लिहू?"

शीलाबाईंनी चप्पल घातली. गुडघ्यावर दोन्ही हात ठेवले, पण उठल्या नाहीत.

"गोल कुठून आला ते लिही. गुरुजीपासून लिही. ठिपका कोन ठेवते ते लिही. त्या जुन्या साहेबाचा शेरा आहे ना, तो जोड. एकोणीस कागद जोड. दांड्या शाळेतल्याच एका मानसानं देल्या, लपवायले नाही, अधुरं राह्यलं असं समजून, माह्याच तोंडचा शब्द आयकून, तं जबाबदारी माही, हे लिही. हे खरं आहे. अन् खाली लिही का साहेबानं होळीच्या नंतर एक दिवस यावं, पोट्टे ठिपके ठेवतीन तवा. पाह्यल्यावर जे कराचं ते करावं."

"त्याईले नाव लागते, बाई. नावाशिवाय नाही घेत."

"म्हणूनच तं तुले आनलं. नाहीतर मले काय लिहिता येत नव्हतं?" त्यांचा आवाज पार बसला होता. "मी थकली वं. मी लिहायले बसली तं एकतर खोटं लिहीन, नाहीतर तिचं नाव लिहीन. दोन्ही सोपं आहे. तू घरी जाय, दिवस बुडायच्या आधी पोटभर जेव, उपाशी नको लिहू. मंग बस. खोटं एक अक्षर लिहू नको, अन् जिजाबाईचं नाव बी लिहू नको. एवढं करशीन?"